इंग्लंडमधल्या गावाची पॅरिश कौन्सिल: अधिकार किती, उपयोग किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लेस्टरशायरमधल्या एका गावात तुम्ही घर घेतलंत. कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे इथल्या घरपट्टीच्या, बिलावर काउंटी कौन्सिल, तिच्याखालची डिस्ट्रिक्ट कौन्सिल आणि पोलीस यांच्याबरोबर ‘पॅरिश’ अशी एक वेगळी ओळ दिसते. गावामागच्या शेतात नव्या घरांचा प्रस्ताव आलाय आणि शेजारीपाजारी म्हणतायत, की पॅरिश कौन्सिलने तो थांबवायला हवा. त्यातच फलकावर कौन्सिलरची एक जागा रिकामी असल्याची सूचना लागली आहे. तेव्हा ही कौन्सिल म्हणजे आपल्याकडची ग्रामपंचायतच का, तिच्या हातात काही असतं का, आणि भारतीय पासपोर्ट असताना त्या जागेसाठी तुम्हाला उभं राहता येईल का?

मी ऑक्सफर्डशायरमधल्या दोन लहान गावांच्या पॅरिश कौन्सिलांची क्लार्क, म्हणजे पगारी सचिव, आहे. त्याआधी आमच्या गावात कौन्सिलर होते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. माझं उत्तर असं, की कोणाला हुकूम देण्याचा अधिकार पॅरिश कौन्सिलला जवळजवळ नाही. पण गावाच्या वतीने जमीन आणि मालमत्ता कायमची धरून ठेवण्याचा अधिकार तिला आहे, त्यासाठी कर लावण्याचा आहे, आणि गावात काही बांधायचं ठरलं तर तिचं म्हणणं मागवावं लागतं. तिची ताकद मालकीत आहे आणि मुदतीत आहे. बहुतेक गावकरी मुदत उलटल्यावर येतात, मग ‘कौन्सिल काही करत नाही’ म्हणून रागावून जातात.

आधी मालकी. ती रोज डोळ्यांसमोर असते, पण कोणाची आहे हे कोणी विचारत नाही. मुलांचं खेळाचं मैदान, झोके आणि घसरगुंडी, बस शेल्टर, बसायची बाकं, दफनभूमी, युद्धस्मारक, भाजी पिकवायचे अलॉटमेंटचे तुकडे, काही गल्ल्यांमधले रस्त्याचे दिवे, चौकातलं घड्याळ, यातलं बरंचसं पॅरिश कौन्सिलच्या नावावर किंवा देखभालीखाली असतं. बीटी कंपनीने २००८पासून जुन्या लाल टेलिफोन पेट्या १ पौंडात गावांना द्यायला सुरुवात केली, तेव्हा अनेक ठिकाणी त्या पॅरिश कौन्सिलनेच घेतल्या. कुठे त्यात पुस्तकं ठेवली आहेत, तर कुठे हृदय बंद पडल्यावर वापरायचं डिफिब्रिलेटर. व्हिलेज हॉल मात्र बहुतेकदा वेगळ्या धर्मादाय ट्रस्टचा असतो. जमिनीचे कागद कौन्सिलच्या नावाने असले तरी रोजचा कारभार ट्रस्टची समिती पाहते.

या मालकीला कायद्याचं भक्कम कवच आहे. अलॉटमेंटचंच पाहा. १९०८च्या कायद्यानुसार गावातल्या सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली, तर कौन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते, आणि खरी गरज दिसली तर जमीन उपलब्ध करून देणं हे तिचं कर्तव्य ठरतं. पारंपरिक मापाचा एक तुकडा १० रॉडचा, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटरचा. एकदा जमीन कायद्याने अलॉटमेंट म्हणून घेतली, की १९२५च्या कायद्यामुळे केंद्रीय मंत्र्याच्या संमतीशिवाय ती विकता येत नाही. पैशांची कितीही ओढाताण असली तरी एखाद्या बहुमताने ती बिल्डरच्या हाती जाऊ शकत नाही. आमच्या एका गावात मेथी, मुळा आणि कोथिंबीर काढणारं एक गुजराती जोडपं आहे आणि त्यांच्या शेजारी लीक आणि पार्सनिप लावणारे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी. दोघांना आपला तुकडा उद्याही राहील याची खात्री आहे, ती या कायद्यामुळे.

गावाच्या मध्यावरचं हिरवं कुरण, ज्याला व्हिलेज ग्रीन म्हणतात, त्याचंही तसंच. १९६५च्या कायद्याखाली ही कुरणं नोंदवली गेली. ज्यांचा मालक सापडला नाही, ती स्थानिक कौन्सिलच्या, गावात बहुधा पॅरिशच्याच, नावे झाली. त्यावर कुंपण घालणं, अतिक्रमण करणं किंवा लोकांच्या खेळण्यात अडथळा आणणं हा एकोणिसाव्या शतकातल्या दोन कायद्यांनी, १८५७ आणि १८७६च्या, गुन्हा ठरवलेला आहे. गाडी लावायला दोन फूट गवत खरवडून खडी टाकणाऱ्याला मी पत्र लिहिते तेव्हा हेच कायदे सांगावे लागतात. लोकांना आश्चर्य वाटतं, पण खडी निघते.

एक मालमत्ता मात्र मागून घेतलेली नसते, गळ्यात येते. चर्चभोवतीचं जुनं कब्रस्तान भरून कायदेशीररीत्या बंद झालं, की चर्चची समिती १९७२च्या कायद्याखाली एक पत्र देऊन त्याची देखभाल पॅरिश कौन्सिलकडे सोपवू शकते. तीन महिन्यांत ठरवायचं असतं, स्वतः घ्यायचं की वर डिस्ट्रिक्टकडे ढकलायचं. भिंती कोसळत असतात, जुनी यू झाडं संरक्षित असतात, कललेले थडग्याचे दगड अंगावर पडू नयेत म्हणून हलवून तपासावे लागतात. लहान गावाच्या अंदाजपत्रकात एवढा मोठा खड्डा दुसरं कोणतंच काम पाडत नाही. इथेच हेही सांगते, की चर्चची समिती आणि पॅरिश कौन्सिल या दोन पूर्ण वेगळ्या संस्था आहेत. कौन्सिलमध्ये धर्माचा काही संबंध नाही.

पूर्वी तो होता. १८९४पर्यंत गावाचा कारभार चर्चच्या ‘व्हेस्ट्री’ नावाच्या सभेतून चालायचा. ज्याची मालमत्ता मोठी त्याला जास्त मतं, म्हणजे जमीनदार आणि पाद्री म्हणतील ती पूर्वदिशा. शेतमजुरांना संसदेसाठी मत मिळालं १८८४मध्ये. त्यांची संघटना उभी करणारे जोसेफ आर्च स्वतः शेतमजूर होते. कसायला जमीन, पिण्याला पाणी, राहायला धड घर ही त्यांची भूक होती, आणि त्यातूनच १८९४चा स्थानिक शासन कायदा आला. तेव्हाचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचं संसदेतलं शेवटचं भाषण याच विधेयकावरचं आहे. संसदेच्या वरच्या सभागृहातल्या लॉर्ड्सनी त्याची मोडतोड केली म्हणून ते संतापले होते. पण कायदा झाला, डिसेंबर १८९४मध्ये पहिल्या निवडणुका झाल्या, प्रत्येकाला एक मत मिळालं, आणि विवाहित स्त्रियांनाही मत देण्याचा व निवडून येण्याचा हक्क मिळाला. संसदेचं मत स्त्रियांना मिळायला त्यानंतर दोन तपं लागली, हे लक्षात घ्या.

केंट परगण्यातल्या पेन्सहर्स्ट गावी जेन एस्कोम या बाई त्या पहिल्या पिढीतल्या कौन्सिलर. मजुरांच्या झोपड्या राहण्याजोग्या नव्हत्या आणि पॅरिश कौन्सिलला घरं बांधण्याचा अधिकार नव्हता. तो वरच्या रूरल डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे होता. बाईंनी पत्रं, अर्ज आणि चौकश्या यांचा पिच्छा सोडला नाही. शेवटी १९००च्या सुमारास तिथे मजुरांसाठी सार्वजनिक खर्चाने घरं उभी राहिली, त्यांचं नाव पायोनियर कॉटेजेस. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण पॅरिश कौन्सिलचं निम्मं काम आजही तेच आहे. अधिकार दुसऱ्याकडे असतो, तगादा आपल्याकडे.

आता दुसऱ्याकडे काय काय आहे ते सांगून टाकते, म्हणजे चुकीच्या दारावर थाप मारून वेळ जाणार नाही. रस्त्यातले खड्डे, वेगमर्यादा, शाळा, वृद्धांची देखभाल हे काउंटीकडे. कचरा, घर बांधायचे परवाने, निवडणुका आणि टॅक्सची वसुली डिस्ट्रिक्टकडे. जिथे एकच युनिटरी कौन्सिल आहे तिथे हे सगळं तिच्याकडे. पॅरिश कौन्सिल खड्डा बुजवू शकत नाही. गाडीचा वेग दाखवणारा फलक स्वतःच्या पैशाने लावू शकते, तोही काउंटीने जागा मंजूर केल्यावर.

बिलावरच्या त्या ओळीला ‘प्रिसेप्ट’ म्हणतात. पॅरिश कौन्सिलला केंद्र सरकारकडून नियमित अनुदान मिळत नाही, व्यापारी करातला वाटाही मिळत नाही. आपल्याकडे ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो, योजना येतात, आणि कारभाराचा बराचसा वेळ तो निधी आणण्यात व खर्चण्यात जातो. इथे गावाने वर्षभराचा खर्च मांडायचा आणि तेवढी रक्कम डिस्ट्रिक्टकडे मागायची. डिस्ट्रिक्ट ती तुमच्या बिलात घालून वसूल करतं आणि पै न पै गावाला देतं. हिशेब सोपा आहे. समजा गावाला वर्षाला ३०,००० पौंड हवेत आणि डिस्ट्रिक्टने गावाचा करपाया ५०० ठरवलाय, म्हणजे लहानमोठी सगळी घरं ‘डी’ पट्ट्यातल्या घरांच्या मापाने मोजली तर ती ५०० भरतात (टॅक्ससाठी घरांचे किमतीनुसार पट्टे पाडलेले असतात, ‘डी’ हा त्यातला एक). मग डी पट्ट्यातल्या घराला वर्षाला ६० पौंड. तुमच्या बिलावरचा आकडा असाच आलेला आहे. काउंटी किंवा डिस्ट्रिक्टला ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करायची तर जनमत घ्यावं लागतं. पॅरिश कौन्सिलांना ती मर्यादा सरकारने आजवर लावलेली नाही. त्यामुळे इथे लक्ष ठेवणारं कोणी असेल तर ते गावकरीच.

आणि लक्ष कधी ठेवायचं? नोव्हेंबर ते जानेवारी. शरद ऋतूत कौन्सिल अंदाजपत्रकाला हात घालते, डिसेंबरच्या आसपास करपाया कळतो, जानेवारीच्या सभेत प्रिसेप्टचा ठराव होतो. एप्रिलमध्ये बिल हातात पडल्यावर फोन येतात, ‘हे वाढवलं कोणी?’ तोवर वर्षभरासाठी काहीही बदलता येत नाही. जानेवारीच्या सभेला मात्र प्रेक्षकांच्या खुर्च्या बहुतेक रिकाम्या असतात.

माझं एक ठाम मत इथे नोंदवते. ‘आम्ही सात वर्षं एक पेनी वाढवली नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्या कौन्सिलांनी गावाचं भलं केलं असं मला वाटत नाही. झोक्यांच्या साखळ्या झिजतात, विम्याचा हप्ता वाढतो, गवत कापणारा दर वर्षी जास्त मागतो. राखीव निधी खाऊन आकडा स्थिर ठेवला, की एके वर्षी वार्षिक तपासणीत मैदानाचं निम्मं सामान बाद ठरतं, मैदानाला कुलूप लागतं, आणि मग एकदम चाळीस टक्के वाढ मागावी लागते. दर वर्षी थोडी वाढ आणि खेळसाहित्यासाठी वेगळा काढून ठेवलेला निधी, हे शहाणपणाचं. अंदाजपत्रक वाचाल तेव्हा एकूण आकड्याआधी तो राखीव निधी पाहा.

खर्चाचा आणखी एक नियम नव्या कौन्सिलरांना चक्रावून टाकतो. प्रत्येक पेनीमागे कायद्याने दिलेला विशिष्ट अधिकार दाखवावा लागतो. बागांना १९०६चा कायदा, युद्धस्मारकाला १९२३चा, दिवे, घड्याळ आणि बाकांना १९५७चा. ज्या कामाला असा कोणताच अधिकार नाही, पण गावाला त्याचा फायदा आहे, त्यासाठी १९७२च्या कायद्याचं कलम १३७ आहे. त्याला माणशी मर्यादा असते. २०२४–२५मध्ये ती दर मतदारामागे १०.८१ पौंड होती, म्हणजे ६०० मतदारांच्या गावाला ६,४८६ पौंड. २०११च्या लोकलिझम कायद्याने ही चौकट सैल केली, पण फक्त त्यांच्यासाठी ज्यांचे किमान दोन तृतीयांश कौन्सिलर निवडणुकीच्या मार्गाने आलेत आणि क्लार्क प्रशिक्षित आहे. बिनविरोध निवडून आलेले चालतात, मागाहून नेमून घेतलेले नाही.

आता तुमच्या गावामागच्या शेताकडे येऊ. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा थांबून सांगते.

परवानगी देणं किंवा नाकारणं हे डिस्ट्रिक्टचं काम. पॅरिश कौन्सिलला प्रत्येक अर्ज कळवला जातो आणि मत द्यायला साधारण २१ दिवस मिळतात. तिचं मत बंधनकारक नसतं. पण ‘बंधनकारक नाही’ आणि ‘निरुपयोगी’ यांत मोठं अंतर आहे. अनेक डिस्ट्रिक्टांमध्ये पॅरिशने सकारण विरोध नोंदवला, की अर्ज एका अधिकाऱ्याच्या सहीवर निकाली न निघता समितीपुढे नेण्याचा मार्ग असतो, आणि तिथे पॅरिशच्या प्रतिनिधीला, बहुतेक ठिकाणी तीन मिनिटं, बोलता येतं.

या तीन मिनिटांत काय बोलावं? आमच्याकडे सभेला भरून आलेले लोक म्हणतात, खिडकीतून दिसणारी टेकडी जाईल, घराची किंमत पडेल, गावाचं गावपण राहणार नाही. खासगी दृश्य आणि घराची किंमत प्लॅनिंगच्या कायद्यात धरलीच जात नाही. तुमचं दुःख खरं असतं, पण ते कागदावर शून्य ठरतं. धरलं जातं ते हे: पावसाचं पाणी कुठे जाणार, सांडपाण्याची वाहिनी पुरेशी आहे का, वळणावर समोरून येणारी गाडी किती अंतरावरून दिसते, शाळेपर्यंत पदपथ आहे का, जवळच्या संरक्षित वास्तूच्या परिसरावर काय परिणाम होतो, शेजारच्या घरात डोकावलं जातं का. गेल्या हिवाळ्यात त्याच शेताच्या कोपऱ्यात तळं साचल्याचे तारखेसह फोटो हे वीस पानांच्या निषेधापेक्षा जड पडतात. पॅरिश कौन्सिल इथे कामाची असते कारण तिच्याकडे जुनी मिनिट्स, म्हणजे सभांची इतिवृत्तं, असतात. कोणत्या सालच्या पुरात कोणती गल्ली बंद होती, काउंटीने त्या वळणाबद्दल आधी काय लिहिलं होतं, हे सगळं क्लार्कच्या फाइलीत सापडतं.

तरीही परवानगी मिळू शकते. डिस्ट्रिक्टकडे पुढच्या पाच वर्षांना पुरेल इतकी घरबांधणीची जमीन नक्की झालेली नसेल, तर कायद्याचा कल विकासकाच्या बाजूने झुकतो. डिस्ट्रिक्टने नकार दिला तरी तो अपील करून केंद्राच्या निरीक्षकाकडून मंजुरी आणू शकतो. अशा वेळी नुसता ‘नको’ म्हणत बसलेल्या गावाच्या हाती काही लागत नाही. शहाणी कौन्सिल विरोध नोंदवतानाच पुढचं वाक्य लिहिते: ‘परवानगी द्यायचीच झाली तर या अटींवर द्यावी.’ शाळेपर्यंतचा पदपथ, खेळाचं मैदान, स्थानिकांना परवडतील अशी काही घरं, पाणी जिरवणारं तळं. हे विकासकाशी होणाऱ्या करारात घालता येतं, पण करार होण्याआधी मागितलं तरच. काही मंडळींना ही शरणागती वाटते आणि त्यांच्याशी मी अनेकदा वाद घातला आहे. पदपथ नसलेली नवी वसाहत आणि पदपथ असलेली नवी वसाहत यांत फरक आहे, आणि तो फरक रोज शाळेत चालत जाणाऱ्या मुलांना कळतो.

जिथे डिस्ट्रिक्ट बांधकामावर पायाभूत सोयींसाठीची लेव्ही आकारतं, तिथे तिचा काही भाग गावाला मिळतो. साधारणपणे १५ टक्के, त्यालाही वार्षिक कमाल मर्यादा असते. गावाने स्वतःची नेबरहूड प्लॅन करून ती जनमताने मंजूर करून घेतली असेल तर २५ टक्के. ही योजना २०११च्याच कायद्याने आली. २०१३मध्ये कंब्रियातल्या अपर ईडन भागाची योजना देशात पहिली मंजूर झाली. घरं कुठे व्हावीत, कशी दिसावीत, कोणती मोकळी जागा राखावी हे गाव स्वतः लिहितं, स्वतंत्र परीक्षक तपासतो, गावात मतदान होतं, आणि मग ती डिस्ट्रिक्टला निर्णय घेताना कायद्याने धरावी लागते. गावाला एकही घर नको असं तिच्यात लिहिता येत नाही. काम दोन-तीन वर्षांचं, कंटाळवाणं, सगळं स्वयंसेवकांच्या संध्याकाळींवर चालणारं. पण पॅरिश कौन्सिल जिथे सल्ला देणाऱ्याच्या खुर्चीतून उठून नियम लिहिणाऱ्याच्या खुर्चीत बसते, अशी ही एकच जागा मला ठाऊक आहे. तुमच्या गावाची अशी योजना आहे का, हे डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर आज रात्री पाहा. शेताच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे मिळेल.

याच कायद्यातली आणखी एक सोय पब आणि दुकानांसाठी आहे. गावातला शेवटचा पब किंवा दुकान समाजोपयोगी मालमत्ता म्हणून डिस्ट्रिक्टच्या यादीत घालून घेतलं, तर मालकाला विकायचं असेल तेव्हा गावाला सहा आठवड्यांत रस दाखवता येतो, आणि दाखवला तर पैसे जमवायला एकूण सहा महिने मिळतात. इथेही तारखेचाच खेळ. पब विक्रीला लागल्यावर यादीत घालायला धावणारी गावं मी पाहिली आहेत.

कारभार चालवतं कोण? किमान पाच कौन्सिलर, चार वर्षांची मुदत, मानधन बहुतेक ठिकाणी नाही. बहुसंख्य लहान गावांत पक्षाचं नावही नसतं. दर मे महिन्यात कौन्सिलर आपल्यातून अध्यक्ष निवडतात. हा अध्यक्ष आपल्या सरपंचासारखा नसतो. त्याला सभा चालवण्याचा आणि समसमान मतं पडल्यास निर्णायक मत देण्याचा अधिकार आहे, बस्स. एकट्या कौन्सिलरला, अध्यक्ष असला तरी, कायद्याने कोणताही निर्णय सोपवता येत नाही. कौन्सिलर एखाद्या ठेकेदाराला रस्त्यात गाठून ‘करून टाक काम’ म्हणाला तर त्या शब्दाला काही किंमत नाही. ठराव सभेतच होतो, आणि फक्त अजेंड्यावर लिहिलेल्या विषयावर. अजेंडा सभेच्या किमान तीन पूर्ण दिवस आधी लागावा लागतो. सुट्टीचे दिवस आणि रविवार त्यात धरत नाहीत.

क्लार्क हा कौन्सिलचा नोकर असतो. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा कर्मचारी, त्याची बदली होते. मला माझ्या कौन्सिलने नेमलं आहे आणि तीच काढू शकते. अजेंडा काढणं, मिनिट्स, पत्रव्यवहार, हिशेब, ‘हे कायद्यात बसत नाही’ असं वेळेवर सांगणं, ही माझी कामं. सही करून पैसे देण्यासाठी एकापेक्षा जास्त माणसं लागतात. वर्षाचा हिशेब ३१ मार्चला बंद होतो, अंतर्गत तपासनीस तो तपासतो, आणि उन्हाळ्यात ३० कामकाजी दिवस कोणताही मतदार मूळ पावत्या मागून पाहू शकतो. जुलैचे पहिले दहा कामकाजी दिवस त्यात असावेच लागतात. हा हक्क वापरा. प्रामाणिक क्लार्कला त्याचा त्रास होत नाही, उलट कोणीतरी पाहतंय याचा आधार वाटतो.

सभेला येऊन बसण्याचा हक्क १९६०च्या कायद्याचा. तेव्हा नवख्या खासदार असलेल्या मार्गारेट थॅचर यांनी तो खासगी विधेयक म्हणून मांडला आणि त्यांचं संसदेतलं पहिलं भाषण त्यावरच झालं. २०१४पासून सभेचं चित्रीकरणही करता येतं. बोलण्याचा हक्क मात्र कायद्यात नाही. बहुतेक कौन्सिला सुरुवातीला पंधरा मिनिटं गावकऱ्यांसाठी ठेवतात. त्याशिवाय १ मार्च ते १ जून या काळात वर्षातून एकदा पॅरिश मीटिंग होते. ती आपल्या ग्रामसभेच्या सगळ्यात जवळची. तिथे गावातला प्रत्येक मतदार बोलू शकतो आणि मत देऊ शकतो.

शेवटी रिकाम्या जागेबद्दल. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे भारतीय नागरिकाला, इथे कायदेशीर राहण्याची परवानगी असेल तर, मतदार यादीत नाव घालून स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. वर्क व्हिसावर असलात तरी. उभं राहायचं असेल तर अट कडक आहे: कायमस्वरूपी राहण्याची परवानगी, म्हणजे आयएलआर, हवी. वय १८ पूर्ण हवं, आणि पुढच्यांपैकी एक तरी बाब हवी: गावाच्या मतदार यादीत नाव, किंवा गेलं वर्षभर गावात अथवा तीन मैलांच्या आत वास्तव्य, किंवा तेवढाच काळ कामाचं मुख्य ठिकाण गावात, किंवा तेवढाच काळ तिथे मालक वा भाडेकरू म्हणून जागा ताब्यात. त्याच कौन्सिलची पगारी नोकरी नसावी. मतदार यादीत नाव नसेल तर ते आधी घाला. आपल्याकडची बरीच मंडळी वर्षानुवर्षं इथे राहतात आणि मत देता येतं हेच त्यांना माहीत नसतं.

फलकावरच्या सूचनेची तारीख पाहा. त्या तारखेपासून १४ कामकाजी दिवसांत गावातल्या दहा मतदारांनी डिस्ट्रिक्टला लिहून मागणी केली तर पोटनिवडणूक होते. नाही केली, आणि बहुतेकदा होत नाहीच, तर कौन्सिल स्वतः माणूस नेमून घेते. क्लार्कला अर्ज, एका सभेला हजेरी, तिथे मतदान, आणि मग पद स्वीकारल्याची सही. इंग्लंडमधल्या लहान गावांत निम्म्या जागा अशाच भरल्या जातात असं म्हटलं तर कोणी क्लार्क मला अडवणार नाही. मला हे आवडत नाही, निवडणूक व्हायला हवी, पण उमेदवारच नसतात. सभेला बसणारे बहुतेक निवृत्त असतात. लहान मुलं असलेल्या, नोकरीला जाणाऱ्या माणसाची तिथे फार गरज आहे.

पण अर्ज करण्याआधी एक गोष्ट ठरवा. कौन्सिलर झाल्यावर २८ दिवसांत तुम्हाला आपलं घर, नोकरी, जमीन अशा हितसंबंधांची नोंद करावी लागते आणि ती जाहीर असते. तुमचं घर त्या शेताला लागून असेल, तर आचारसंहितेनुसार तो विषय निघताच तुम्हाला बहुधा खोलीबाहेर जावं लागेल. चर्चेत भाग नाही, मत नाही. केवळ तो प्रस्ताव अडवायला तुम्ही कौन्सिलर व्हायला निघाला असाल तर नेमकं त्याच विषयावर तोंड बंद करून घ्याल. तसं असेल तर आत्ता अर्ज करू नका. सामान्य गावकरी म्हणून सुरुवातीच्या त्या पंधरा मिनिटांत बोला, पाणी साचल्याचे फोटो क्लार्ककडे द्या, आणि मुदत संपण्याआधी डिस्ट्रिक्टकडे स्वतःच्या नावाने मत नोंदवा. घर शेतापासून लांब असेल, आणि दिवे, मैदान, अलॉटमेंट यांतही मन रमणार असेल, तर याच आठवड्यात क्लार्कला ईमेल करा. कौन्सिल नेमायला बसेल ती सभा कदाचित पुढच्याच महिन्यात असेल.